अठराची हद्द

दिगू,

कैलासनं काल एक कागद आणला. पेपरात द्यायचा मजकूर. वर तुझा फोटो, खाली 'प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ, सत्यवचनी' आणि त्याच्या खाली शोकाकुल म्हणून आमची नावं. मला म्हणाला, "आत्या, एकदा वाचून घे. काही राहिलं असंल तर लिही." मी पेन घेतला आणि 'सत्यवचनी'वर काट मारली. तो माझ्याकडं बघत राहिला. त्याला वाटलं, म्हातारीला शब्द वाचता आला नाही.

मला वाचता येतं. चौथीपर्यंतच शिकले, पण तेवढं येतं. आणि चौथीलाच का थांबले ते तुला माहीत आहे. मी दहा वर्षांची असताना तू झालास, सव्वा महिन्यात आई गेली आणि दप्तर ठेवून मी तुला कडेवर घेतलं. साठ वर्षांत हे मी तुला कधी ऐकवलं नाही. आज ऐकवते. लई राग आलाय मला तुझा, आणि भांडायला तू समोर नाहीस.

उद्या तुझा तेरावा. परवा कैलास पोलिसांत अर्ज देणार आहे, मुनीरभाईच्या विरुद्ध. बॅटरीत जुने सेल भरले म्हणून काका गेले, असा. आपल्या थोरल्याचा पोरगा, काकावर जीव होता त्याचा, त्याचं मी वाईट मानत नाही. अर्ज टाईप करून तयार आहे. पहिली सही माझी पाहिजे. ती मी करणार नाही. का करणार नाही ते उद्या सगळ्यांना सांगायचंय, पण आधी तुला सांगते. तुझ्याबद्दल चारचौघांत बोलायचं तर आधी तुला ठाऊक पाहिजे.

ते चाक तू आणलंस तो दिवस आठव. दोन वर्षं झाली असतील. कुठल्याशा कंपनीतल्या साहेबानं हौसेनं घेतलेलं आणि बॅटरी मेल्यावर टाकून दिलेलं. पोत्यात घालून आणलंस.

"आक्का, बघ काय आणलं."

"शेगडी?"

"गाडी हाय. लाईटीवरची. एका चाकाची."

"दुसरं कुठं पडलं?"

"दुसरं नसतंच हिला."

"मग अर्धीच गाडी आणलीस की रे."

तू इतका हसलास की पोतं हातातून सुटलं आणि माझ्या पायावर आलं. अंगठ्याचं नख गेलं ते अजून धड आलेलं नाही.

मोटारी बांधण्यात तुझा हात धरणारं कोणी नव्हतं. पंखा, मिक्सर, विहिरीवरचा पंप, जळलेलं काहीही आणून टाकावं आणि तू तार गुंडाळून त्यात जीव घालावास. पण बॅटरी तुझी विद्या नव्हती. ती मुनीरभाईची. शहागंजातलं त्याचं दुकान, तुमची तीस वर्षांची दोस्ती. त्यानं पंधरा दिवस खपून नवे सेल जोडले, तुला बॅटरी करून दिली. तू चाकावर बसायला, म्हणजे उभं राहायला शिकलास आपल्या अंगणात. एका हातानं भिंत, दुसऱ्या हातानं माझा खांदा. धरायला दांडा नाही, दाबायला ब्रेक नाही. पुढं झुकलं की पळतं, मागं झुकलं की थांबतं. दोनदा समोर राहणाऱ्या शोभाच्या घासलेल्या भांड्यांत पडलास. ती समोरच्या ओट्यावरून म्हणाली, "काका, सर्कशीत लागले का?" तू म्हणालास, "व्हय. तिकीट लावणार हाय, पण तुला फुकट."

साठीचा माणूस पोरासारखा हसत होता. खोटं कशाला बोलू, मला ते बघायला आवडायचं. लग्न केलं नाहीस, बिडी ओढली नाहीस, सिनेमाला गेला नाहीस. माझे मालक गेल्यापासून माझ्या घरात राहिलास, दुकानात गेलास आणि दुकानातून आलास. एवढी एकच हौस.

पण मला भीती वाटायची. म्हणून मी अट घातली, वेग बांधून घ्यायचा. तूच म्हणालास, ह्यात सोय आहे. मोबाईलवर आकडा टाकायचा. त्याच्या वर गेलं की चाक आधी टीं टीं ओरडतं. तरी ऐकलं नाही तर पायाखालची पाटी पुढून वर उचलतं, म्हणजे माणूस आपोआप मागं रेलतो आणि वेग उतरतो. मी म्हणाले तासाला पंधरा किलोमीटर. तू म्हणालास पंचवीस. भाजीवालीशी करावी तशी घासाघीस केली आपण आणि अठरावर तुटली.

"आणि आकडा मी टाकणार," मी म्हणाले. "माझ्या मोबाईलवर. कुलूप घालून."

"घाल की. लगाम तुझ्याच हातात."

कुलपाला चार आकडे लागतात म्हणालास. माझा चौथीतला हजेरी नंबर सतरा होता. म्हणून एक सात एक सात. माझी बोटं जाड, काचेवर नीट लागायची नाहीत. तू दहा वेळा दाखवलंस, एकदाही चिडला नाहीस. ते शिकवणं मी विसरले नाही. माझ्या मालकांनी चाळीस वर्षांत मला घड्याळाला किल्ली द्यायला दिली नाही आणि तू मला एका यंत्राची मालकीण केलंस. असं मला वाटलं.

तेव्हापासून रोज सकाळी माझी पूजा झाली की तू चाक घेऊन उभा. मी चष्मा लावायचे, मोबाईल उघडायचे, बॅटरी किती ते मोठ्यानं वाचायचे आणि विचारायचे, "अठराच ना?"

"अठराच, आक्का."

मग तू जायचास. मी फाटकात उभी राहायचे, तू गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत. अठरानं जाणारा माणूस चांगला दिसतो. पाठ सरळ, हात मागं बांधलेले, शाळा तपासायला निघालेल्या साहेबासारखा. कॉलनीतल्या बाया म्हणायच्या, आक्का, तुम्हाला भीती नाही वाटत? मी म्हणायचे, माझ्या परवानगीशिवाय ते चाक अठराच्या वर जात नाही. भिशीत सांगितलं, देवळात सांगितलं, फुलंब्रीला कैलासच्या सासरी गेले तिथं सांगितलं. कुणी विचारलं नाही तरी सांगितलं.

तुझी राख सावडून आणली त्या दिवशी बबन आला. गल्लीच्या तोंडाशी चहाची गाडी लावतो तो. बायांमध्ये मी बसले होते. तो दारात उकिडवा बसला, डोळे पुसले आणि तुझं कौतुक करायला लागला.

"काका लई मजेशीर माणूस. रोज सकाळी माझ्या गाडीपाशी थांबायचे. खिशातला मोबाईल काढायचे, दोन-तीन बटणं दाबायचे अन् म्हणायचे, 'बबन, आक्काची हद्द संपली.' अन् जे सुटायचे! मोटारसायकलवाले मागं पडायचे. संध्याकाळी येताना पुन्हा थांबून बटणं. मी म्हणायचो, आता काय वो काका? तर म्हणायचे, 'आता हद्द सुरू झाली.'"

बाया हसल्या. सुतकातही माणसाला हसू येतं, त्याचं मला काही नाही. मी तोंडाला पदर लावला. त्यांना वाटलं, रडते.

मी रडत नव्हते, दिगू. मी मोजत होते. दोन वर्षं. किती सकाळी मी चष्मा लावून 'अठराच ना' म्हणाले असेन, आणि किती सकाळी तू माझ्या डोळ्यांत बघून 'अठराच' म्हणालास. लहान लेकरू रडायला लागलं की त्याच्या हातात बंद पडलेला फोन देतात आणि ते कानाला लावून हॅलो हॅलो करतं. तसं केलंस माझं. आणि मी तो फोन घेऊन गावभर सांगत फिरले.

तू वेगानं गेलास ह्याचा मला राग नाही. गेला असशील, तुझा जीव, तुझे पाय. मला सांगायचंस, 'आक्का, मी ऐकणार नाही.' मी दोन दिवस बोलले नसते, तिसऱ्या दिवशी भाकरी वाढली असती. पण तू रोज संध्याकाळी आठवणीनं थांबून तो आकडा परत अठरावर आणायचास. मला कळू नये म्हणून एवढी मेहनत. इतक्या नेमानं तू कधी गोळ्या घेतल्या नाहीस. शेवटी माझ्या हद्दीची लांबी किती निघाली? फाटकापासून बबनच्या गाडीपर्यंत. शंभर पावलं.

आता माझं ऐक.

दिवाळीत तू कुत्रं चुकवताना पडलास. गुडघा सोलला, कोपर सुजलं. मी म्हणाले, आता बारा कर. तू म्हणालास, बारावर चाक डुगडुगतं, उलट जास्त पडीन. मी वाद घातला नाही. माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं.

तुझ्या दुकानात बसून बसून मला एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती. तूच शिकवली होतीस. लाईट कमी आली की पंखा हळू फिरतो. उन्हाळ्यात गावाकडं व्होल्टेज पडलं की पंप पाणी कमी ओढतो. मोटारीला कमी द्या, ती कमी पळते. मग ह्या चाकातही मोटारच की. बॅटरी अर्धीच भरली तर ते अर्ध्याच वेगानं जाईल, आणि तुला सांगावंही लागणार नाही. असा मी विचार केला. चौथीच्या बाईला एवढा विचार सुचला ह्याचं मला मनातून कौतुकसुद्धा वाटलं.

संक्रांतीपासून मी सुरू केलं. तू दुकानातून आलास की चाक कोपऱ्यात चार्जिंगला लावायचास. जेवलास की लगेच तुझा डोळा लागायचा. भांडी आवरली की मी भिंतीवरचं बटण बंद करायचे आणि पहाटे पाणी भरायला उठले की परत चालू करायचे. तू उठायचास तेव्हा चार्जरचा दिवा लालच असायचा. भरली की तो हिरवा होतो, हे तूच मला दाखवलं होतंस.

पहिल्यांदा म्हणालास, रातभर लाईट गेली असंल. मी म्हणाले, गेली असंल.

मग म्हणालास, थंडीत बॅटरी बसते, मुनीर सांगत होता. मी म्हणाले, व्हय का.

मग थंडी सरली, ऊन तापलं, आणि दिवा लालच. तेव्हा तू मुनीरभाईवर गेलास.

त्या दिवशी जेवताना सांगितलंस मला सगळं. दुकानात गिऱ्हाइकं बसलेली असताना त्याला म्हणालास, "जुने सेल भरलेस ना माझ्या बॅटरीत? तीस वर्षांचा दोस्त मीच सापडलो का तुला?" तो म्हणाला, घेऊन ये, खोलून बघू. तू म्हणालास, चोराकडंच पुन्हा कशाला आणू. घास तुझ्या हातात तसाच राहिला होता. तुला त्याचं इतकं लागलं होतं की तू ताटावरून उठलास. आणि मी तुझ्या ताटातली भाकर उचलून टोपल्यात ठेवली आणि गप्प बसले.

आठ दिवसांनी मुनीरभाई घरी आला, मीटर पिशवीत घालून. तू आत कॉटवर होतास. "सांग, घरी नाय," म्हणालास. मी दारात गेले आणि म्हणाले, "दिगू घरी नाय." त्याला आतून तुझा खोकला ऐकू आला. तरी तो "अच्छा आपा" म्हणाला आणि गेला. ईदला दरवर्षीसारखा शीरखुर्म्याचा डबा पाठवला. तू हात लावला नाहीस. मी खाल्ला. चांगला झाला होता.

त्याच दिवशी सांगून टाकायला पाहिजे होतं मी. पण मग तू बॅटरी पुरी भरली असतीस. मी मनात म्हटलं, दोस्ती काय, पुन्हा होईल. माणूस धड राहू दे.

माणूस राहिला नाही.

भर दुपारची वेळ. पाठीवरच्या पोत्यात कुणाच्या तरी पंपाची बांधलेली मोटार, पोचवायला निघालेला. क्रांती चौकातल्या पुलाच्या चढावर तू गेलास. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्यानं सांगितलं, काका चढ जोरात चढत होते, हात मागं बांधलेले, आणि एकदम पायाखालून कुणी पाट ओढावा तसे पुढं पडले. चाक ओरडलं नाही. पाटी उचलली नाही. हेल्मेट होतं डोक्यात. मान मोडली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं सगळं.

कैलासला तू मुनीरभाईबद्दल सांगून ठेवलंच होतंस. त्यानं दोन्हीची गाठ मारली. सगळ्यांनीच मारली. मुनीरभाई तुझ्या मातीला आला, लांब झाडाखाली उभा राहिला, कुणी त्याच्याशी बोललं नाही. मीसुद्धा नाही.

परवा तो आला. कैलास कंपनीत गेला होता, मी एकटी होते. फाटकाबाहेरच उभा.

"आपा, एक बार खोलने दो. माझा कसूर निघाला तर मी स्वतः जातो पोलिसांकडं. अर्ज नक्को, काही नक्को."

मी त्याला आत घेतलं. चाक कोपऱ्यात पोत्याखाली झाकून ठेवलेलं होतं, एका बाजूनं खरवडलेलं. त्यानं आधी आपल्या मोबाईलवर लावून बघितलं. वेगाची हद्द पार वरपर्यंत उघडलेली होती. ओरडायचं बंद केलेलं, पाटी उचलायचं बंद केलेलं. मी म्हणाले, "पण माझ्या मोबाईलला कुलूप होतं." तो खाली बघत म्हणाला, "दुसऱ्या मोबाईलवरून लावलं की तुमचं कुलूप विचारतच नाही, आपा." इतकं सोपं होतं ते. दोन वर्षं मी उघड्या दाराला कुलूप घालून बसले होते.

मग त्यानं बॅटरी चार्जिंगला लावली. "पूरी भरून बघू." मी भिंतीवरच्या बटणापाशी पाट घेऊन बसले. दोन्ही हात मांडीवर. एकदा त्याला चहा करून दिला, तेवढीच उठले. चार तासांनी दिवा हिरवा झाला. तुला शेवटच्या चार महिन्यांत जो दिसला नाही तो हिरवा दिवा, दिगू. साध्या हरभऱ्याएवढा असतो.

त्यानं झाकण काढलं, एकेका सेलाला मीटर लावला. मग चष्मा कपाळावर सरकवला.

"एकही बसलेला नाही, आपा. सब के सब जिंदा. मग दिगूकडं भरत का नव्हती?"

"मी बटण बंद करायचे," मी म्हणाले.

मी सगळं सांगितलं. पंखा, पंप, व्होल्टेज, अर्ध्या बॅटरीचा अर्धा वेग. मग मी विचारलं, "माझं चुकलं कुठं? नीट सांगा. मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नका."

त्यानं सांगितलं. पेट्रोल कमी असलं तर गाडी आधीसारखीच पळते आणि संपलं की थांबते. दोन चाकांवर माणूस थांबला तर पाय टेकतो. ह्याचं तसं नाही. ह्या चाकाला पळवायलाही तीच बॅटरी आणि माणसाला उभं धरायलाही तीच. माणूस पुढं झुकला की चाक जोर लावून त्याच्याखाली येतं, म्हणून तो पडत नाही. बॅटरी उतरली की तिचा जोर उतरतो. पण वेग उतरलाच पाहिजे असं नाही. ती जेवढं आहे तेवढं वेगाला देत राहते. वर चढ आला, पाठीवर ओझं आलं की आणखी देते. मग धरायला काही उरत नाही. त्या क्षणी चाक सोडून देतं. "म्हणून तर ओरडायची सोय असते, आपा. बॅटरी जसजशी उतरते तसतशी वेगाची हद्द खाली आणायची असते. ते चाक स्वतः सांगतं. त्यानं त्याचं तोंड बंद केलं होतं."

मी म्हणाले, "अठरावर असता तर?"

"अर्ध्या बॅटरीवरही धरलं असतं."

"आणि भरलेली असती तर?"

"तर त्या वेगालाही बहुतेक धरलं असतं."

कळलं का तुला, दिगू? तुझं खोटं एकटं असतं तर तू वाचला असतास. माझं एकटं असतं तरी वाचला असतास. एका घरात, एका पंगतीला बसून जेवणारी आपण दोघं, एकमेकांच्या पाठीमागं एकाच चाकाशी खेळत होतो. तू पुढून हद्द काढत होतास, मी मागून जोर काढत होते, आणि मधे ते बिचारं यंत्र. त्याच्याइतकं खरं आपल्या घरात कोणीच नव्हतं. आणि त्याचंच तोंड तू बंद केलंस.

मी पुष्कळदा विचार करते, तू का सांगितलं नाहीस. मला घाबरायचास म्हणशील तर ते पटत नाही. मला वाटतं, तुला माझ्यावर दया यायची. म्हातारीला बरं वाटतं ना, मग दाबू दे तिला बटण. दगा मी समजू शकते. ही दया मला सोसत नाही. आणि मीसुद्धा तेच केलं तुझ्यावर, हे मला कळतं. तुला बारा वर्षांचा समजून बटण बंद करत राहिले. पण तुझं तेच आणि माझं तेच म्हणून माझा राग कमी होत नाही. उगाच तसं लिहीत नाही.

मुनीरभाई जायला उठला तेव्हा दारात थांबला.

"आपा, ही बटणाची गोष्ट कुणाला नक्को बोलो. लोक तुम्हाला जगू देणार नाहीत. माझ्यावर आलं तर आलं. दुकान आता पोरगा बघतो, मला किती दिवस राहायचंय."

भला माणूस. ज्याला आपण चोर म्हणालो, तो माझी चोरी अंगावर घ्यायला तयार. क्षणभर मला बरं वाटलं. लगेच लक्षात आलं, हेच ते. पुन्हा कुणीतरी माझ्या हातात बंद फोन देतोय. मी म्हणाले, "मुनीरभाई, आता पुरे. माझ्या भल्यासाठी मला फसवणारा एक होता, तो गेला. दुसरा नको." जरा जोरात बोलले असेन. तो दचकला. मग हसला, आणि हसताना रडला. तुझ्यासाठी इतकं मोकळं मी अजून कुणाला रडताना बघितलं नाही. मला जमलेलं नाही.

तर उद्याचं असं आहे. जेवणं व्हायच्या आधी मी हे वाचणार. इथवरचं कैलासला आजच दाखवलं. त्यानं दोनदा वाचलं आणि अर्ज घडी करून खिशात घातला. मग म्हणाला, "आत्या, तुला जमणार नाही. मी वाचतो." मी म्हणाले, नको. चौथीपर्यंत शिकलेय. शब्दाखाली बोट ठेवून वाचीन, वेळ लागेल, लोक थांबतील.

पेपरातला मजकूर गेला. 'सत्यवचनी' काढून. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ राहू दिलं, ते खोटं नाही.

आणि शहागंजात निरोप द्यायला मी स्वतः गेले, रिक्षा करून. मुनीरभाई नको म्हणत होता, तुमचे पाहुणे, तुमची माणसं, मी मागं कुठंतरी उभा राहीन. मी म्हणाले, "मागं नाही. त्या दिवशी तुम्ही आलात तेव्हा दिगू घरी होता आणि मी नाही म्हणाले. उद्या तो खरंच घरी नाही. तुम्ही आत येऊन बसा."

आक्का